स्नेह आणि धूर

प्रतापगड म्हटलें कीं बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें जावळीचें खोरें आणि अफझलखानाची भेट उभी राहते. तो मान त्या गडाचाच आहे, व तो हिरावून घेण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु महाराष्ट्राच्या अगदीं पूर्वेस, गोंदिया जिल्ह्यांतील अर्जुनी मोरगांव तालुक्यांत, त्याच नांवाचा आणखी एक डोंगर आहे. इतिहासानें त्याच्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. पण महाशिवरात्रीस तेथें माणसांचा पूर लोटतो. महादेवाचें स्थान आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा हीं दोन्ही त्या एकाच डोंगराच्या आश्रयास असल्यामुळें बेलपत्रें घेतलेले आणि चादर घेतलेले लोक खांद्यास खांदा लावून चालत असतात. आमचें तारुण्य त्या मुलुखांत गेलें. तेव्हां आमचा प्रतापगड तो हा.

गेल्या महाशिवरात्रीस पुष्कळ वर्षांनीं आम्ही तेथें गेलों. पुतण्यानें आपल्या मोटारींतून नेलें. बरोबर त्याची दहा वर्षांची मुलगी होती. यात्रेच्या गर्दींतून पायीं वाट काढीत असतां पाठीमागून एक ओळखीचा आवाज आला, आणि आम्ही वळून पाहतों तों एक तरुण जुनी, पण घांसूनपुसून लखलखीत केलेली राजदूत घेऊन शेजारून गेला. मागें निळसर धुराचा एक पट्टा हवेंत तरंगत राहिला. पुतण्यानें नाकास रुमाल लावला. "काका, केवढा हा धूर! तुम्ही लोक हें सहन तरी कसें करीत होतां?" असें म्हणून तो मुलीकडे वळला. "असल्याच फटफटीवरून पडून तुझ्या पणजीचा हात मोडला होता, बरं का! ऐन रस्त्यांत दगा दिला गाडीनें."

आम्हींही रुमाल काढला; पण तो नाकास न लावतां डोळ्यांस लावला. डोळे धुरानें पाणावले असा पुतण्याचा समज झाला, व आम्हीं तो दूर केला नाहीं. दुसऱ्याचा सोईस्कर गैरसमज तसाच राहूं देण्याची आमची ही संवय पंचेचाळीस वर्षांहून जुनी आहे. तिच्याच संबंधानें आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

हल्लींच्या तरुण वाचकांपैकीं पुष्कळांनीं टू-स्ट्रोक एंजिनाची गाडी चालविली नसेल. म्हणून थोडा खुलासा करणें अवश्य आहे. सध्यांच्या मोटारसायकलींत दट्ट्या दोनदां वर आणि दोनदां खालीं जातो तेव्हां कोठें एक स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्यें दट्ट्याच्या प्रत्येक वर-खालीं फेरीस एक स्फोट. झडपा नाहींत, त्या उघडझांप करणारी यंत्रसामग्री नाहीं; नळकांड्याच्या भिंतींत भोंकें ठेविलेलीं असतात व दट्ट्याच जातां-येतां तीं उघडतो आणि झांकतो. इंग्लंडांत बाथ येथें जोसेफ डे यानें १८८९ च्या सुमारास हें साधें एंजिन घडविलें. यंत्र हलकें, स्वस्त, व खेड्यांतील कारागिरासही उकलतां येण्याजोगें. मात्र त्यांत एक अडचण होती. पेट्रोलची वाफ दट्ट्याखालच्या पेटींतूनच वर चढत असल्यामुळें त्या पेटींत वंगणाचें तेल भरून ठेवतां येत नसे. म्हणून तेल पेट्रोलांतच मिसळावयाचें. तें वाटेनें जातां जातां दट्ट्यास, नळकांड्यास, दांड्याच्या सांध्यांस आपला ओलावा देई, आणि शेवटीं पेट्रोलबरोबर स्वतःही जळून धूर होऊन बाहेर पडे. पुतण्यानें नाकास रुमाल लावला तो याच धुरासाठीं.

आमच्या घरीं राजदूत आली ती १९७६ सालीं. पोलंडमधील एस. एच. एल. या गाडीच्या नमुन्यावर एस्कॉर्ट्सनें ती १९६२ पासून बनविण्यास आरंभ केला होता. एका वर्षापूर्वीं १९६१ सालीं म्हैसुरास जावा निघूं लागली होती, तीच पुढें येझदी झाली. आणि १९७२ सालीं फिरोदियांची लूना निघाल्यावर तर ज्यांनीं सायकलीपलीकडे कधीं दृष्टि टाकली नव्हती, तेही पेट्रोलच्या भावाची चौकशी करूं लागले. आमची राजदूत अर्थात् नवी नव्हती. वडील वारल्यानंतर घराचा सर्व भार थोरल्या बंधूंवर, म्हणजे दादांवर, आलेला, शिक्षकाचा पगार, आई, वहिनी, लग्नाची बहीण, आणि गोंदियास कॉलेजांत शिकणारे आम्ही. दादांची शाळा घरापासून पांच कोस दूर. ते तीन वर्षें सायकलीनें गेले, आणि मग कर्ज काढून त्यांनीं एका ओव्हरसियराची वापरलेली गाडी घेतली.

या गाडीस तेल पाजण्याचा विधि दादा स्वतः करीत. लिटरामागें किती तेल घालावयाचें हें ठरलेलें. मापाची लहान डबी वेगळी. तेल ओतल्यावर टांकीचें झांकण लावून गाडी दोन्ही हातांनीं डावी-उजवी हालवावयाची, म्हणजे मिश्रण नीट व्हावें. तेल अधिक पडलें तर प्लग काळा होऊन गाडी वाटेंत रुसे. म्हणून पॉलिशपेपरचा तुकडा आणि फडक्यांत गुंडाळलेला दुसरा प्लग दादांच्या खिशांत नेहमीं असावयाचा. दर दोन-चार महिन्यांनीं सायलेन्सरच्या आंतली नळी काजळीनें तुंबे. ती जाळून साफ करावी लागे. दादांनीं एकदां ती न्हाणीघरांतील बंबांत घातली, तेव्हां आईनें त्या पाण्यानें स्नान करण्यास साफ नकार दिला. "महादेवाला काय राक्षेलाचा अभिषेक करूं?" असा तिचा प्रश्न होता. पेट्रोल, तेल, घासलेट या सर्वांस ती एकच नांव देई.

पण याच आईस त्या गाडीवर बसावयास मनापासून आवडे. नऊवारीचा ओंचा सांवरून, एका हातानें दादांचा खांदा धरून ती एका बाजूस पाय सोडून बसली कीं राजदूतीची पालखी होई. नवेगांवबांधचें तळें, त्याच्या भोंवतींच्या टेंकड्या, १९७० सालीं पुरें झालेलें इटियाडोहचें धरण, गोठणगांवाजवळ १९७२ पासून वसलेल्या तिबेटी लोकांच्या वस्तींतील रंगीबेरंगी पताका, हें सर्व तिनें त्या पालखींतूनच पाहिलें. धानाच्या बांधींमधून जाणारी ती वाट, माघ-फाल्गुनांत पेटलेला पळस, उतारावर एंजिनाचा हलका होणारा आवाज, आणि थंडींत नाकाशीं रेंगाळणारा तो जळक्या तेलाचा वास! वास चांगला नव्हता, हें आम्हांस तेव्हांही कळत होतें. परंतु दादा शाळेंतून परत आले, आतां दिवेलागणीस घर पुरें झालें, हें त्या वासावरून समजे. आणि एकदां असा अर्थ लागला म्हणजे वासाचें गुणदोष कोण पाहतो?

१९७९ ची महाशिवरात्र. दादांना शाळेच्या कामानें जातां येईना, तेव्हां आईस प्रतापगडास नेण्याचें काम आमच्याकडे आलें. सकाळीं त्यांनीं पेट्रोल व तेल यांसाठीं मोजून पैसे दिले आणि एवढेंच म्हणाले, "तेल विसरूं नकोस." आम्ही विसरलों नाहीं. विसरलों असतों तर हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें. यात्रेंत कॉलेजचे चार मित्र भेटणार होते, आणि खिशांत दुसरा पैसा नव्हता. टांकींत कालचें थोडें मिश्रण उरलें आहे, तेवढें तेल एका दिवसास पुरेल, असा युक्तिवाद आम्हीं स्वतःशींच केला, नुसतें पेट्रोल भरलें, आणि तेलाचे पैसे खिशांत ठेविले. त्या पैशांचा पुढें चहा झाला आणि उसाचा रस झाला.

आईस दर्शनास पोहोंचवून आम्हीं दिवसभर मित्रांस पाठीमागें बसवून गाडी पिटाळली. सायंकाळीं आईस घेऊन परत निघालों. दोन-तीन कोस आलों असूं. एंजिनाचा आवाज एकाएकीं कोरडा, ताणल्यासारखा झाला. हें दादांस एका क्षणांत कळलें असतें. आम्हांस कळेपर्यंत दट्ट्यानें नळकांडें धरलें, मागचें चाक जागच्या जागीं आवळलें, आणि क्लच दाबावयाचें भान येण्यापूर्वींच आम्ही दोघेंही रस्त्यावर होतों. आम्हांस खरचटलें. आईचें उजवें मनगट मोडलें.

यात्रेहून परतणाऱ्या एका शेतकऱ्यानें आईस आपल्या बैलगाडींत घेतलें. गाडी निवाल्यावर ती ढकलीत आम्ही मागून चालत होतों. आई उपाशी होती, वेदनेनें कण्हत होती, आणि मधून मधून आमचीच समजूत घालीत होती, "तूं काय करणार, बाबा! मेल्या यंत्राचा काय भरंवसा!"

घरीं पोहोंचलों तेव्हां मध्यरात्र उलटली होती. दादांनीं प्रथम आईची व्यवस्था लावली, आणि मग ते कंदील घेऊन अंगणांत गेले. परत आल्यावर त्यांनीं आमच्याकडे एकदां पाहिलें आणि आईस म्हणाले, "गाडी जुनी झाली आहे, आई. एंजिन केव्हां तरी जाणारच होतें." आम्ही खालीं मान घालून उभे होतों. खरें बोलण्यास तो क्षण पुरेसा होता. आम्हीं तो जाऊं दिला.

नळकांडें बोअर करून नवा दट्ट्या घालण्यास पैसे जमेपर्यंत दादा पुन्हां चार महिने सायकलीनें शाळेस गेले. आईचा हात बरा झाला, पण वांकडा जुळला. पुढें तिला दळण-कांडण झालें नाहीं, व पोळी लाटतांना ती मनगट दाबून धरी. कोणीं विचारलें तर सांगे, "त्या फटफटीनें मोडला." ती १९९१ सालीं गेली. पुढें एकदां वहिनींनीं सहज बोलतां बोलतां आम्हांस सांगितलें, "भाऊजी, त्या रात्रीं यांनीं टांकींत बोट बुडवून चोळून पाहिलें होतें. बोट कोरडें झालें. तेल असतें तर बुळबुळीत राहतें ना!" म्हणजे दादांस पहिल्या रात्रीपासून ठाऊक होतें.

पुढें राजदूत भंगारांत गेली. काळही पालटला. १९८५ सालीं चार फेऱ्यांची, थोड्या पेट्रोलांत दूर जाणारी हिरो होंडा आली. आणि धुरासंबंधीं सरकारचे नियम १९९१, १९९६ व २००० सालीं अधिकाधिक कडक होत गेले. म्हैसूरचा कारखाना १९९६ सालीं बंद पडला. तरुणांची लाडकी यामाहा आर. एक्स. १०० ही त्याच वर्षीं थांबली. हें झालें तें योग्यच झालें. टू-स्ट्रोकमध्यें तेल जळे एवढेंच नव्हे, तर ताज्या पेट्रोलचाही बराच अंश न जळतां उघड्या भोंकावाटे निसटून जाई. आणि तें सर्व रस्त्यावरच्या मुलांबाळांच्या छातींत जाई. जुनीं नांवें अलीकडे परत आलीं आहेत. जावा २०१८ सालीं आली, ती चार फेऱ्यांची. लूना २०२४ सालीं आली, ती विजेची. धूर परत आला नाहीं, आणि येऊंही नये.

परंतु संस्कृतांत तेलास 'स्नेह' असें नांव आहे, हें आम्हांस त्या दिवशीं प्रतापगडच्या पायथ्याशीं आठवलें. एकत्र कुटुंबाच्या यंत्रांतही असा कोणी एक असतो. तो सर्वांच्या सांध्यांतून फिरतो म्हणून कोठें घर्षण होत नाहीं. आणि शेवटीं त्याचा लोकांस दिसतो तो धूर. दादा चिडखोर आहेत, दादा कंजूष आहेत, दादांस हौस नाहीं, असें आम्ही भावंडेंही म्हणत असूं. तेल वगळून पाहिल्याखेरीज तेलाचें काम कळत नाहीं; आणि कळतें तेव्हां कोणाचा तरी हात मोडलेला असतो.

त्या सायंकाळीं यात्रेहून परतल्यावर आम्ही दादांपाशीं जाऊन बसलों. त्यांचें वय आतां ब्यायशी आहे. ऐकूं कमी येतें. दिवसाचा बराच वेळ बंगईवर बसून असतात. आम्हीं राजदूत पाहिल्याचें सांगितलें. "धूर कसा होता?" त्यांनीं विचारलें. निळसर होता म्हटल्यावर त्यांनीं समाधानानें मान हालविली. मग आम्हीं जवळ सरून, जरा मोठ्यानें, सांगितलें, "दादा, त्या दिवशीं मी तेल घातलें नव्हतें. पैसे खर्च केले."

दादा कांहीं वेळ बंगई हालवीत राहिले. मग म्हणाले, "तें मला ठाऊक होतें. आईस तूं आपण होऊन सांगशील, म्हणून मी बारा वर्षें वाट पाहिली."

ते रागानें बोलले नाहींत. रागानें बोलले असते तर बरें झालें असतें.

आईस आतां सांगतां येत नाहीं. पण पुतण्याच्या मुलीस सांगतां येण्यासारखें होतें, व तें आम्हीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं सांगितलें. पुतण्याही दारांत उभा राहून ऐकत होता. मुलीनें सर्व ऐकून घेतलें, थोडा विचार केला, आणि विचारलें, "म्हणजे गाडीचा कांहींच दोष नव्हता?"

मुळींच नव्हता, असें आम्हीं तिला सांगितलें.