सोडली की सुटली?

मित्रमंडळींच्या ग्रुपवर अधूनमधून एक फॉरवर्ड हमखास टपकतो. 'शाळा सोडलेल्या पोराने भंगारातून पवनचक्की बनवली. डिग्री हवीच कशाला?' खाली अंगठ्यांची ही रांग! माझं डोकं सटकतं ते त्या 'सोडलेल्या' शब्दाने.

हा पोरगा म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी देशाचा विल्यम कामक्वाम्बा. २००१-०२ मध्ये तिथे भीषण दुष्काळ पडला. घरात खायला मका नाही, तिथे फी कुठून भरणार? चौदाव्या वर्षी विल्यमची शाळा सुटली. सुटली, सोडली नाही. एका शब्दात केवढा फरक आहे, बघा!

मग पठ्ठ्या गावातल्या प्राथमिक शाळेच्या लायब्ररीत जाऊन बसू लागला. इंग्रजी जेमतेम, त्यामुळे आकृत्या बघून बघूनच त्याने 'यूझिंग एनर्जी' हे पुस्तक पालथं घातलं. भंगारातून ट्रॅक्टरचा पंखा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, मोडकी सायकल जमवली. पीव्हीसी पाइप तापवून, चपटे करून पाती बनवली. वाऱ्याने पाती फिरली की सायकलचं चाक फिरणार, चाकाला टेकलेला डायनॅमो फिरणार... आणि वीज! गावाने आधी त्याला वेड्यात काढलं. मग घरात चार दिवे लागले, दोन रेडिओ वाजले आणि तीच मंडळी मोबाइल चार्ज करायला दारात रांग लावू लागली.

आपण याला 'जुगाड' म्हणून मोकळे होतो. पण बॉस, जुगाडाच्या आधी पुस्तक होतं! आणि ते गावात होतं, ही खरी लॉटरी.

'डिग्री म्हणजे नुसता कागद' हे म्हणणं मला परवडतं. कारण घरच्यांनी फी भरली आणि मास कॉमचा तो कागद माझ्या कपाटात आहे. विल्यमला हा डायलॉग परवडणारा नव्हता. त्याचं नाव झालं, मदत मिळाली, तेव्हा तो परत शाळेतच गेला. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजचा पदवीधर झाला. २०१९ मध्ये त्याच्यावर सिनेमाही आला.

त्या दुष्काळात शाळा सुटलेला तो एकटाच नव्हता. बाकीच्यांवर सिनेमे निघाले नाहीत, एवढंच.

प्रेरणा वगैरे ठीक आहे हो. पण आपल्या एका वीकेंडच्या बिलात कुणाची तरी वर्षभराची वह्या-पुस्तकं येतात. बघा, जमतंय का!