लाइट गेल्यावर

मेहकरच्या बाजूला ज्या शिवारात आम्ही यंत्र लावलं, तिथे त्या आठवड्यात मोटारींना रात्रीची लाइट होती. माणसं बॅटऱ्या घेऊन ओलिताला निघायची आणि मी मनात म्हणायचो, आज डीपी उडू दे. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

आमच्या यंत्राचं काम, मॅग्नेटोटेल्युरिक्स, म्हणजे नुसतं ऐकणं. जगभर कडाडणाऱ्या विजा आणि सूर्याकडून येणारा कणांचा झोत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सतत हलवत ठेवतात. त्यानं जमिनीत विजेचे बारीक प्रवाह उठतात. जलद हेलकावे वरच विरतात, संथ खोल जातात. कवचाच्या तळाची, पस्तीस-चाळीस किलोमीटरची खबर हवी तर एकेक हेलकावा कधी शेकडो सेकंदांचा. म्हणून मुक्काम. आणि मोटार सुरू झाली की नोंदीत खिळे उगवतात.

काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा. इलेक्ट्रोडच्या खड्ड्यात मिठाचा चिखल कालवून बसवावा लागतो. चुंबकीय कॉइल चरात पुरायची, एक उत्तर-दक्षिण, एक पूर्व-पश्चिम, एक उभी. एकदा मी होकायंत्र लावलं आणि शेजारी लोखंडी कुदळ तशीच पडलेली. दोन रात्रींची नोंद वाकडी गेली.

शेतमालकाचा प्रश्न ठरलेला : "पानी लागीन का, साहेब, अठी?" मी किलोमीटरांत बोलायचो, त्याची विहीर साठ फुटांची. पण विहीर खोदताना त्यानं पाहिलेलं मला ऐकायचं होतं. वर काळा, मग लाल पट्टा, मग पुन्हा काळा. तो लाल पट्टा म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधली उसंत, खालच्या लाव्ह्याचा माथा कुजून माती होण्याइतकी.

हा सगळा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे पोरच. लोणारच्या उल्केनं 1.8 किलोमीटर रुंद खड्डा पाडला, तरी ती याच्या तळाला पोचली नाही. तळ कसा असतो ते भोकं पाडून पाहिलं ते दुसरीकडे. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीत 338 मीटरवर बेसॉल्ट संपला, खाली थोडा गाळ, मग ग्रॅनाइट-नाइस. कोयनेला सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट आणि त्याखाली थेट अडीचशे कोटी वर्षांहून जुना खडक, मध्ये गाळाचा पदरही नाही. तिथे लाव्हा उघड्या माळावरच ओतला गेला असावा. इथला, बुलढाण्याखालचा माळ मला तसाच दिसतो, पण भोक नाही तोवर हा माझा तर्कच.

पावणेबाराला लाइट गेली. पडद्यावरची रेघ हळूहळू साफ झाली, इतकी की मला हसू आलं. तेवढ्यात बांधावरून बॅटरीचा उजेड हलत आला. "पुन्हा गेली, साहेब. अर्धा वावर कोरडाच राह्यला."

मी लॅपटॉप मिटला आणि त्याला चहा दिला.