वेबच्या बातमीमागची खिडकी

औषध कंपनीत क्यूसीला आहे मी. कच्चा माल आला की आयआर मशीनवर आलेख काढायचा, प्रमाणित नमुन्याच्या आलेखाशी जुळवायचा. तो नमुनाच नसेल तर समोरच्या रेघोट्यांवर सही कोण करणार?

वेब दुर्बिणीचंही तेच. 2023 मध्ये तिच्या निरीक्षणांतून सरडा तारकासमूहातल्या काळोख्या ढगात पाणी, अमोनिया, मिथेन, मिथेनॉल यांचा बर्फ सापडला. बातम्या झाल्या. पण ओळख पटते ती नेदरलँड्समधल्या लायडनसारख्या प्रयोगशाळांच्या आलेखांवरून. निर्वात पात्रात उणे 263 अंशांपर्यंत गार केलेल्या छोट्या खिडकीवर वायू सोडायचा, बर्फाचा पातळ थर धरू द्यायचा, त्यातून अवरक्त किरण पाठवायचे. पाण्याचा बर्फ 3 मायक्रॉनजवळ किरण शोषतो, कार्बन डायऑक्साइडचा 4.27 जवळ. आणि मिश्रण बदललं किंवा तापमान थोडं चढलं की खळग्याचा आकार बदलतो. म्हणजे परत मोजा! भयंकर चिकाटीचं काम हो.

आपल्याकडे अहमदाबादच्या पीआरएलमध्येही असे बर्फ बनवतात. विज्ञानाच्या बजेटवर चर्चा रंगते तेव्हा रॉकेटचे आकडे सगळ्यांना पाठ असतात. या खिडकीवर किती खर्च होतो, हे विचारलेलं मी तरी अजून ऐकलं नाही.