आजोबांची भेट आणि हन्नाचा झगा



जुलैचा चौथा रविवार हा आजी-आजोबांचा रविवार. पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली हा जागतिक दिन सुरू केला. प्रभू येशूचे आजी-आजोबा, संत योआकिम आणि संत अन्ना, यांचा सण 26 जुलैला असतो, म्हणून त्याच्या जवळचा हा रविवार. अन्ना आणि हन्ना हे मुळात एकच नाव. ते ऐकले की मला दुसरी हन्ना आठवते, शमुवेलाची आई. दरवर्षी ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून नेत असे (1 शमुवेल 2:19).

या रविवारच्या तयारीसाठी मी धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना विचारले, "आजी-आजोबांनी दिलेली कोणती भेट तुम्हाला आठवते?" वर्गात हशा पिकला. कुणाला तिसरीत असताना पहिलीच्या मापाचा फ्रॉक मिळाला होता, कुणाला लागोपाठ तीन वर्षे तोच कंपास बॉक्स.

आमच्या घरी याची कमतरता नाही. आम्ही मूळचे मराठवाड्यातले. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. तेव्हापासून आमचे कुटुंब या शहरात आहे. माझे वडील आता चौऱ्याहत्तर वर्षांचे. नातवंडांच्या वाढदिवसाची भेट स्वतः पायी हिंडून आणायची, हा त्यांचा नेम. नातू 'पायथॉन' शिकतोय एवढे त्यांच्या कानावर आले. गनफाउंड्रीच्या कॅथेड्रलमधली रविवारची मिस्सा आटोपून ते अॅबिड्सच्या फुटपाथवरच्या पुस्तकबाजारात गेले आणि सापांचे जाडजूड सचित्र पुस्तक घेऊन आले! मुलाने मासा मागितला तर कोणता बाप त्याला साप देईल, असे प्रभूने विचारले होते. आमच्याकडे आजोबांनी खरोखरच साप दिला, तोही मोठ्या प्रेमाने.

नातीसाठी त्यांनी चारमिनारजवळच्या लाड बाजारातून लाखेच्या बांगड्या आणल्या. दुकानदाराने माप विचारले, तर त्यांनी आपल्याला पाठ असलेले माप सांगितले, दोन-चार. म्हणजे सव्वादोन इंच. ते माझ्या आईचे माप होते. आठ वर्षांच्या पोरीने हात खाली केला आणि बांगड्या घरंगळत फरशीवर गेल्या. सगळे हसले. बाबाही हसले, पण जरा उशिराने.

पुढच्या वाढदिवसाला त्यांनी पाकीट दिले. "तुमच्या आवडीचे तुम्हीच घ्या," म्हणाले. सगळ्यांचीच सोय झाली. पण महिना-दोन महिन्यांनी नात मला म्हणाली, "आजोबा आता काही विचारतच नाहीत गं." तेव्हा लक्षात आले. पूर्वी वाढदिवसाच्या महिनाभर आधीपासून त्यांची चौकशी चाले: मैत्रिणीचे नाव काय, शाळेत काय शिकवले, हल्ली कोणता रंग आवडतो? पाकिटाला यातले काहीच लागत नाही. भेट चुकायची थांबली, तसे बोलणेही थांबले.

हन्नाकडे पाहा. मूल शिलोच्या मंदिरात, आई गावी. भेट वर्षातून एकदा. झगा तर आधीच शिवून न्यायचा. यंदा पोरगा किती उंच झाला असेल, हे तिने कशावरून ठरवले असेल? गल्लीतल्या त्याच्या वयाच्या मुलांकडे पाहून? दर वर्षीचा झगा नीट बसला की नाही, हे शास्त्र सांगत नाही. ती दर वर्षी नेत होती, एवढेच सांगते. वर्षभर ती मनातल्या मनात त्या मुलाचे माप घेत होती.

वृद्ध माणसाला नातवंडाचे माप कळायचे तर नातवंडानेही जवळ जाऊन हात पुढे करायला हवा. आमची नात यंदा आजोबांसोबत स्वतः लाड बाजारात गेली. नातवाने त्यांना संगणकासमोर बसवून पायथॉन म्हणजे काय ते दाखवले. त्या भाषेचे नाव सापावरून नाही, एका जुन्या ब्रिटिश विनोदी मालिकेवरून ठेवले आहे, हे ऐकून बाबा पोटभर हसले. सापांचे पुस्तक मात्र परत द्यायचे नाही, असे नातवाने बजावले आहे.

बंधुभगिनींनो, या आठवड्यात आपल्या मुलांना आजी-आजोबांजवळ अर्धा तास बसवा. ते दूर असतील तर फोन लावून द्या आणि तुम्ही मध्ये बोलू नका. चुकलेली भेट आली, तर मुलांना आधी आभार मानायला शिकवा. हसणे नंतरही होईल, आणि तेव्हा ते आजी-आजोबांसह होईल.

हे स्वर्गीय पित्या, आम्ही काय मागावे हेही आम्हाला नीट कळत नाही, तरी तू आम्हाला चांगल्या देणग्या देतोस. आमच्या घरातल्या थकलेल्या हातांना आशीर्वाद दे. त्यांनी आणलेले घ्यायला आमच्या मुलांचे हात नेहमी पुढे असू देत. येशूच्या नावाने मागतो. आमेन.