रिकाम्या आसनाचे उतारू

लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या आग्नेय कोपऱ्याला, हॅटन क्रॉस या भुयारी रेल्वेच्या स्थानकापासून थोडे चालत गेले की मर्टल ॲव्हेन्यू नावाची एक साधी गल्ली लागते. गल्लीच्या टोकाला घरे संपतात आणि गवताचा एक मोकळा तुकडा सुरू होतो. वारा पश्चिमेचा असला आणि दक्षिणेकडील धावपट्टीवर विमाने उतरत असली म्हणजे ती या गवतावरून इतकी खालून जातात की त्यांची चाके मोजता यावीत. दुर्बिणी आणि कॅमेरे घेतलेली हौशी मंडळी तेथे तासन् तास बसलेली असतात. २०२४च्या ऑक्टोबरात लागोपाठ तीन दिवस आम्ही उभयताही तेथे छत्री आणि डबा घेऊन बसलो होतो. मात्र आम्ही हौशी नव्हतो. सकाळी विमानाने आम्हांस घेतले नव्हते, आणि यजमानांच्या घरी इतक्या लवकर पुन्हा तोंड दाखविण्याचा संकोच वाटत होता, एवढेच त्याचे कारण.

आमचा मुलगा एका विमान कंपनीत नोकरीला आहे. अशा नोकरांना, त्यांच्या पत्नीला वा पतीला, मुलांना आणि बहुतेक ठिकाणी आईवडिलांनाही कंपनी सवलतीचे तिकीट देते. स्वतःच्या कंपनीत पुष्कळदा भाड्याचा दहावा हिस्सा भरला की काम होते, म्हणून त्या व्यवसायात या तिकिटाला ‘आयडी नाइन्टी’ म्हणतात. दुसऱ्या कंपनीच्या विमानाने जावयाचे असल्यास कंपन्या-कंपन्यांमधील कराराप्रमाणे अंतराचे टप्पे पाडून भाडे ठरते; त्यास ‘झेड’ भाडे असे म्हणतात. कर आणि विमानतळाचे शुल्क बहुधा निराळे भरावे लागते. बेळगावात ही गोष्ट निघाली की शेजारी म्हणतात, “तुमची काय, मजा आहे! मुलगा विमानात, तुम्ही फुकटात.” त्यांचे अज्ञान दूर करावे, आणि ज्यांची मुले आज या नोकरीत शिरत आहेत त्या आईबापांच्या हाती काही उपयोगी पडावे, म्हणून हे चार शब्द.

या तिकिटावर आपण विमानातील जागा विकत घेत नाही, हे पहिल्याने ध्यानात घ्यावे. पैसे भरून आलेले सर्व उतारू बसल्यानंतर एखादे आसन रिकामे राहिलेच, तर त्यावर बसण्याची परवानगी तेवढी आपणांस मिळते. याचेच नाव स्टँडबाय. आपणांस रेल्वेच्या वेटिंग लिस्टची सवय असते, आणि तीच येथे फसविते. रेल्वेच्या यादीत एकदा अकरावा क्रमांक मिळाला की तो दहा, नऊ, आठ असा वर सरकतो. निदान मागे तरी जात नाही. स्टँडबायच्या यादीत आज सकाळी तुम्ही तिसरे असाल आणि दुपारी नववे व्हाल, कारण दरम्यान तुमच्या मुलापेक्षा अधिक वर्षे नोकरी झालेला कोणी सहकारी सहकुटुंब येऊन ठेपतो. काही कंपन्या नोकरीची ज्येष्ठता पाहतात, काही खिडकीवर कोण आधी आला हे पाहतात. स्वतःच्या कंपनीची माणसे बहुधा आधी आणि परक्या कंपनीची शेवटी. हा क्रम आपल्या माणसाकडून घरीच समजून घ्यावा. खिडकीवर जाऊन त्याविषयी वाद घालू नये.

आणि रिकामी आसने तरी कोठे उरली आहेत? २०२४ साली जगभरच्या विमानांत सरासरीने शंभरांपैकी त्र्याऐंशी आसने भरलेली होती. ही झाली वर्षाची सरासरी. सुटीच्या दिवसांत शंभरीच गाठली जाते. एके काळी सामान्य माणसालाही असे ऐनवेळचे तिकीट मिळे. फ्रेडी लेकर या इंग्रज गृहस्थाने सप्टेंबर १९७७मध्ये लंडनजवळच्या गॅटविकहून न्यूयॉर्कला ‘स्कायट्रेन’ नावाची विमानसेवा सुरू केली. भाडे एकोणसाठ पौंड, आगाऊ आरक्षण नाही. त्याच दिवशी रांगेत उभे राहावयाचे आणि जागा मिळाली तर जावयाचे. लोक तिकिटासाठी रस्त्यावर अंथरुणे टाकून झोपत. १९८२च्या फेब्रुवारीत ती कंपनी बुडाली. आज रिकाम्या आसनाची अशी वाट पाहणारे मुख्यत्वे आमच्यासारखे, नोकरांचे नातलगच.

आमच्या जाण्याची कथा अशी. धाकटी मुलगी इंग्लंडात स्विंडन गावी परिचारिका आहे. तिचे पहिले बाळंतपण सप्टेंबरच्या शेवटास होते. मुलगा म्हणाला, “बाबा, आईचे तिकीट पूर्ण पैसे भरून काढू या. हे दिवस वाईट आहेत.” मी हिशेबी माणूस, पेन्शनवर जगणारा. म्हटले, नोकरीचा उपयोग आता नाही तर केव्हा? रात्रीच्या बसने मुंबई गाठली. पहाटे विमानतळावर पाहतो तो सर्वत्र विशीतली मुले, हातात नवे कोट, आणि निरोप द्यायला आलेली रडवेली कुटुंबे! इंग्लंडातील विद्यापीठांचे वर्ष त्याच सुमारास सुरू होते आणि विद्यार्थ्यांचा लोंढा तिकडे जातो, हे मुलाने सांगितले होते; मला ते कळले तेव्हा उशीर झाला होता. पहिल्या पहाटे आम्ही परत फिरलो. दुसऱ्या पहाटे दार बंद होण्यापूर्वी दहा-बारा मिनिटे खिडकीवरील मुलीने आम्हांस बोलाविले आणि हलक्या आवाजात विचारले, “काका, एकच जागा आहे. काकूंना पाठवायचं का?”

माझी पत्नी आयुष्यात कधी एकटी बेळगावाहून कोल्हापूरला गेलेली नव्हती. तिचा पासपोर्ट माझ्या खिशात, मुलीचा पत्ता माझ्या वहीत, पौंडांच्या नोटा माझ्या पाकिटात, आणि डिंक, खारीक, सुंठ, बाळाची दुपटी नि टोपडी घातलेली मोठी पेटी माझ्या नावावर. (कुंदा सुदैवाने घरीच ठेवला होता, दुधाचे पदार्थ तिकडे नेण्यास मनाई आहे.) मी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, “तुम्ही नंतर या. मी जाते.” औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर मी पत्ता लिहिला, हात थरथरत होता, म्हणून पिनकोड त्या मुलीनेच लिहून दिला. दार बंद झाले. मी पेटी परत मिळविण्यासाठी दोन तास बसलो. तीन रात्रींनंतर मी स्विंडनला पोहोचलो तेव्हा नातू एक दिवसाचा झाला होता आणि त्याची आजी, मी तिला कधी पाहिली नव्हती अशा सहजतेने, दारात आलेल्या इंग्रज दाईशी खाणाखुणांनी बोलत होती. परंतु ती न पोहोचती तर? त्या तीन रात्री मी हाच प्रश्न स्वतःला विचारीत होतो, आणि त्याचे उत्तर काही मला गोड लागले नाही.

म्हणून सांगतो की ज्या दिवशी पोहोचणे भाग आहे, म्हणजे बाळंतपण, लग्न, शस्त्रक्रिया, अखेरचे दर्शन, त्या दिवसासाठी हे तिकीट नव्हे. तेथे कर्ज काढावे, पण भाडे भरावे. आणि दोघे निघालात तर दोघांनी दोन परके असल्यासारखे निघावे. पासपोर्ट, पत्ता, औषधे, थोडे परदेशी चलन, भरलेला फोन ज्याचे त्याच्यापाशी असावे. सामान होता होईल तो हातातलेच. मोठी पेटी द्यावीच लागली तर ज्याची त्याच्या नावावर. एकच जागा निघाली तर कोण जाणार, हे घरी चहा पिताना ठरवून ठेवावे. विमानाच्या दारात ते ठरवू नये. मधल्या एखाद्या शहरात विमान बदलून जाण्याचा मोहही आवरावा. तेथपर्यंत जागा मिळते आणि पुढे मिळत नाही. त्या देशाचा व्हिसा नसेल तर बाहेर हॉटेलातही जाता येत नाही, बाकावर रात्र काढावी लागते.

गर्दीला दिशा असते, हे मला उशिरा उमगले. डिसेंबरच्या मध्यास लंडनहून भारताकडे येणारी विमाने तुडुंब असतात, कारण जो तो नाताळासाठी घरी निघालेला. त्याच वेळी इकडून तिकडे जाणाऱ्या विमानांत त्या मानाने जागा असते. जानेवारीत उलट. दिवसातून दोन-तीन विमाने जाणारी वाट धरावी आणि त्यांतले पहिले गाठावे, म्हणजे ते चुकले तरी दुसरे उरते. आदल्या रात्री दहा आसने रिकामी दिसली म्हणून हुरळून जाऊ नये. एक विमान रद्द झाले की त्यातले सारे उतारू पुढच्या विमानात येतात आणि आपण भिंतीला लागतो. कधी आसने रिकामी दिसत असतानाही आपणांस घेत नाहीत. विमानाचे वजनही मोजलेले असते. उन्हाळ्याच्या तापलेल्या दुपारी हवा विरळ होते आणि विमानाला भार कमी उचलतो, तर हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना वारा तोंडावर येतो, इंधन जास्त भरावे लागते, आणि त्या इंधनापायी आपण मागे राहतो.

पोशाखाविषयी आमचा मुलगा फार काटेकोर. मार्च २०१७मध्ये अमेरिकेत डेन्व्हर येथे युनायटेड कंपनीच्या विमानावर अशाच सवलतीच्या तिकिटाने निघालेल्या दोन मुलींना अंगाला घट्ट बसणाऱ्या लेगिंग्ज घातल्या म्हणून अडविण्यात आले होते, आणि त्यावरून जगभर गवगवा झाला. नियम योग्य की अयोग्य हा वाद निराळा. मला स्वतःला तो जरा जुनाट वाटतो. परंतु सवलत मुलाची असते आणि आपल्या वागण्याचा जाब त्याला द्यावा लागतो. नातलगाने खिडकीवर आरडाओरडा केला तर नोकराची सवलत काढून घेतली जाऊ शकते. सबब नीटनेटके कपडे घालावेत, नाव पुकारतील तेथून फार दूर जाऊ नये, दर पाच मिनिटांनी “आमचे काय झाले?” म्हणून विचारू नये, आणि आपण किती स्वस्तात आलो हे शेजारच्या आसनावरील माणसाला तर मुळीच सांगू नये, त्याने कदाचित साठ हजार मोजलेले असतात.

एवढी अक्कल येऊनही परतीच्या वेळी आम्ही फसलोच. दिवाळी तोंडावर आलेली, आणि लंडनहून मुंबईकडे येणारे प्रत्येक विमान भरलेले. स्विंडन तेथून बसने सव्वा-दीड तासावर, म्हणून हाउन्स्लोमध्ये एका ओळखीच्या कुटुंबाकडे उतरलो. शुक्रवारी नकार, शनिवारी नकार, रविवारी नकार. रोज सकाळी पेटी ओढीत जावयाचे आणि ओढीत परत यावयाचे. हीथ्रोच्या मध्यभागी जमिनीखाली विटांनी बांधलेले सेंट जॉर्ज चॅपेल आहे, १९६८ सालचे; ॲंग्लिकन, कॅथलिक आणि फ्री चर्च या तिन्ही पंथांसाठी बांधलेले. शनिवारी तेथे घटकाभर टेकलो. बाहेरची धडधड आत ऐकू येत नव्हती आणि पत्नी बसल्या बसल्या झोपी गेली. तिला उठविण्याचा मला धीर होईना.

या विमानतळाचे नावही एका नाहीशा झालेल्या वाडीचे. माळरानाच्या कडेने घरांची एक ओळ होती, ती हीथ रो; युद्धकाळी, १९४४मध्ये, धावपट्टीसाठी ती उठविण्यात आली. १९४६ साली येथे नागरी विमाने येऊ लागली तेव्हा इमारत नव्हतीच. उतारूंना लष्करी तंबूंत बसवीत. मुंबईहून कैरो, जिनिव्हा करीत एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ जून १९४८मध्ये पहिल्यांदा लंडनला आले तेव्हा त्यात पस्तीस उतारू होते. मर्टल ॲव्हेन्यूच्या गवतावर बसून मी ही माहिती पत्नीला सांगितली. ती म्हणाली, “त्या पस्तिसांना तरी जागा मिळाली होती.”

त्या गवतावरच मला कळले की त्या भागातील रहिवाशांना अर्धा दिवस तरी शांतता मिळावी म्हणून दुपारी तीनला उतरणारी विमाने एका धावपट्टीवरून दुसरीवर वळवितात, आणि दर आठवड्याला ही पाळी उलटते. त्या आठवड्यात तीनपर्यंत ती आमच्या डोक्यावरून येत. तीन वाजले की आकाश एकदम ओस पडे. मग आम्ही डबा आवरून उठत असू.

रविवारी रात्री मी मुलाला फोनवर सांगितले, उद्या नाही जमले तर दोन पूर्ण तिकिटे काढ. तो काही बोलला नाही. त्याने ती पाहून ठेवली होती हे मागाहून कळले. सोमवारी सकाळी धुक्यामुळे युरोपातून येणारी काही विमाने उशिरा पोहोचली, त्यांतून पुढे मुंबईस जाणारे उतारू चुकले, आणि आमची दोघांची नावे एकापाठोपाठ पुकारली गेली. मला मागे मधले आसन, तिला पुढे डावीकडची खिडकी. आठवडा बदलला होता, म्हणून त्या सकाळी विमाने दक्षिणेकडील धावपट्टीवरून उडत होती. आमचे विमान तिच्या पूर्वेकडील टोकाला गेले आणि वळण्यापूर्वी क्षणभर थांबले. मुंबईला उतरल्यावर पत्नी म्हणाली की तिला ते गवत दिसले, आणि छत्री घेऊन बसलेले कोणीतरी दोघे जणही. मी मधल्या आसनावर होतो. मला काहीच दिसले नाही.