अंतर

थोरले बंधू अण्णा आणि मी यांच्यातला एक वाद २०२० पासून चालू आहे. अण्णा वाईजवळच्या आमच्या गावी घर आणि शेती सांभाळतात. मी इंदूरला तीस वर्षे संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालो. करोनाच्या साथीतील टाळेबंदी आणि मुखपट्टीची सक्ती यांनी काही साधले की नाही, हा वादाचा विषय. अण्णांच्या मते काही साधले नाही. माझ्या मते पुष्कळ साधले. आईच्या श्राद्धतिथीला मी गावी जातो. जेवणे उरकतात, ओसरीवर पानाचे तबक येते, आणि ठरल्यासारखे आम्ही या विषयावर येतो.

अण्णांच्या बाजूला दाखले भरपूर. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि बारा वाजता देश बंद झाला. तेव्हा नोंदलेले रुग्ण पाचशेच्या आसपास होते. ३१ मेला चौथा टप्पा संपला त्या वेळी ते पावणेदोन लाखांच्या पुढे गेले होते. "कुंपण घातले तरी शेत गेलेच की," अण्णा म्हणतात. मग ते ८ मेच्या पहाटेवर येतात. जालन्याहून मध्य प्रदेशातील आपल्या घरांकडे पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवरच थकून झोपले आणि मालगाडीखाली सापडले. "ते कोणत्या साथीने गेले?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नसते.

माझे म्हणणे आकड्यांचे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत मे-जून २०२० मध्ये ०.७३ टक्के प्रौढांनाच संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. जून-जुलै २०२१ च्या पाहणीत ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे होती. टाळेबंदीने साथ अडवली नाही, पण लांबवली. त्या मिळालेल्या मुदतीत वैद्यक थोडे शहाणे झाले. कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने सुमारे एक-तृतीयांशाने घटतात, हे जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीतून कळले. जो माणूस एप्रिलऐवजी जुलैत आजारी पडला, त्याच्या वाट्याला हे ज्ञान आले. १६ जानेवारी २०२१ पासून लस आली. "मग एप्रिल २०२१ मध्ये प्राणवायू का मिळाला नाही?" अण्णा विचारतात. मुदत मिळणे वेगळे आणि तिचा उपयोग करणे वेगळे, एवढे मला कबूल करावे लागते.

मुखपट्टीचेही तसेच. बांगलादेशातील सहाशे खेड्यांत झालेल्या चाचणीत मुखपट्टी नीट लावणारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर नेता आले, आणि लक्षणांसह झालेला संसर्ग सुमारे ९ टक्क्यांनी घटला. मी हा आकडा विजयाने सांगतो, अण्णा तो उपहासाने पुन्हा उच्चारतात.

एका आकड्यापाशी मात्र आम्ही दोघेही थांबतो. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांतील पाहणीत झोपडपट्टीत ५७ टक्के आणि इतर वस्तीत १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला दिसला. आदेश एकच होता. पण एका खोलीत सात माणसे आणि पन्नास घरांत एक शौचालय असेल, तिथे 'अंतर ठेवा' या शब्दांना अर्थ कोणता? टाळेबंदी परिणामकारक होती का, हे घर पाहिल्यावाचून सांगता येत नाही.

अशा वेळी अण्णांना आजीची आठवण येते. प्लेगच्या दिवसांत उंदीर पडू लागले की अख्खा गाव घरांना कुलपे लावून माळावर झोपड्या बांधून राही, असे ती सांगे. सरकारने १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा केला, जो २०२० मध्येही वापरला गेला, आणि पुण्यात घरे तपासायला गोरे सोजीर घुसले. रोग पसरवणारी उंदरावरची पिसू मात्र त्या वेळी कुणाला ठाऊक नव्हती. कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टराला तिचा माग १८९८ मध्ये लागला. सक्तीच्या धुण्या-धुपण्याने जे साधले नाही, त्यातले बरेचसे घर सोडणाऱ्या गावाने आपल्या समजुतीने साधले होते. त्या झोपड्यांबद्दल आजीच्या बोलण्यात कधी कडवटपणा नसे.

आमच्या बोलण्यात तो असतो, आणि त्याचे कारण मला उशिरा उमगले. आई गेली ती मे २०२० मध्ये, वार्धक्याने. अंत्यविधीला वीस माणसांची मुभा होती. अण्णांकडे सहा आली. ज्या आळीत आईने प्रत्येक बाळंतिणीला डिंकाचे लाडू पोचवले, तिथली दारे त्या सकाळी बंद राहिली. अण्णांनी फोनवर विचारले, "येतोस?" मी म्हणालो, "अण्णा, बंदी आहे. पास मिळणार नाही."

मी पाससाठी अर्ज केलाच नव्हता. घरातील मृत्यूसाठी पास मिळत होते. इंदुरात साथ भरात होती, मला मधुमेह होता, आणि मी भ्यालो होतो. कदाचित न जाणेच योग्य होते. मी रोग घेऊन गावात शिरलो असतो. पण 'मला भीती वाटते' हे मी म्हटले नाही. 'बंदी आहे' म्हटले.

टाळेबंदी निष्फळ होती असे ठरले, तर माझे न जाणेही निष्फळ ठरते. ती सफल होती असे ठरले, तर बंद दारांमागचे शेजारी शहाणे ठरतात, आणि तेवढे अण्णांना सोसत नाही. ज्याचे हित निष्कर्षात गुंतले आहे त्याने मोजणी करू नये, हे मी जन्मभर वर्गात सांगत आलो.

गेल्या वैशाखात मी अण्णांना सगळे सांगितले. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "मला ठाऊक होते. त्याच आठवड्यात खालच्या आळीतला एकाचा मुलगा भोपाळहून पास काढून आला होता." थोड्या वेळाने म्हणाले, "पण तू येऊ नयेस असे मलाही वाटत होते. म्हणून तर 'येतोस?' एवढेच विचारले. 'ये' म्हणालो नाही."

मग आम्ही पुन्हा बांगलादेशाच्या नऊ टक्क्यांवर आलो. या खेपेस कुणाचाच आवाज चढला नाही.