बत्तीस तारांचं चाक

वाघोबाची खिंड उतरताना मागून 'टिंग' असा आवाज आला. आधी वाटलं, खडा उडाला असेल. पण पाचच सेकंदांत मागचं चाक वळवळायला लागलं, ब्रेकला घासायला लागलं आणि मी कसाबसा कडेला येऊन पाय टेकला. मागून एक टँकर हॉर्न मारत, अगदी कोपराला वारा लागेल इतक्या जवळून गेला. खाली वाकून बघितलं तर मागच्या चाकाची एक तार तुटलेली. चोवीसपैकी फक्त एक!

बोईसर - चिल्हार फाटा - मनोर - वाघोबा - पालघर - बोईसर हा माझा शनिवार-रविवारचा ठरलेला फेरा. साधारण साठेक किलोमीटर. त्या दिवशी तो पालघरलाच संपला. ब्रेक सैल केला तरी चाक फ्रेमला घासतच होतं, त्यामुळे स्टेशनपर्यंत चालत जायची वेळ आली. सायकलिंगचे बूट घालून डांबरी रस्त्यावर चार-पाच किलोमीटर 'टक टक' करत चालणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. पालघरला डहाणू लोकलच्या लगेजच्या डब्यात चढलो. टोपल्या घेऊन बसलेल्या एका मावशींनी सायकलीकडे बघून विचारलं, "केवढ्याची रं?" मी (थोडी कमी करून) किंमत सांगितली. मावशी म्हणाल्या, "आन येक तार तुटली तर बसली?"

उमरोळी येईपर्यंत माझ्याकडे उत्तर नव्हतं. बोईसर आलं तरी नव्हतं.

तर मंडळी, हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

खरं तर चाकं बदलायचा विचार मी आधीपासून करत होतो, पण वेगळ्या कारणासाठी. मला हलकी चाकं हवी होती. काळी, चकचकीत, कमी तारांची. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी अशा चाकांचे फोटो बघायचो. बजेट पंधरा हजार. त्याच्या वर गेलो असतो तर घरात चाकाऐवजी माझाच आउट काढला असता. :)

मग एका रात्री नेहमीची इंजिनिअरची खोड म्हणून हिशोब मांडला. समजा, नवी चाकं ३०० ग्रॅमनं हलकी आली. माझं वजन ८२ किलो, सायकल १०. म्हणजे ९२ किलोत ३०० ग्रॅम, एक टक्क्याचा तिसरा हिस्सा! वाघोबाची चढण दहा मिनिटांची धरली तर वाचणार दोन सेकंद. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घरी ठेवली तर याहून जास्त वाचतात. 'फिरणारं वजन दुप्पट मोजायचं' असं सगळे सांगतात, पण ते फक्त वेग वाढवताना. एका संथ लयीत चालवणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

आता दुसरी बाजू. तार मुळात तुटते कशानं? मला वाटायचं, खड्ड्यात आपटल्यामुळे. आपल्याकडच्या रस्त्यांवर तसं वाटणं साहजिक आहे. पण बहुतेक वेळा तार तुटते ती थकून. चाक फिरताना जमिनीजवळच्या तारांचा ताण क्षणभर कमी होतो आणि पुढे गेल्यावर परत वाढतो. प्रत्येक फेऱ्याला एकदा. चाकाचा एक फेरा साधारण २.१ मीटरचा, म्हणजे ३००० किलोमीटरमध्ये हे १४ लाख वेळा होतं! पेपरक्लिप पुन्हा पुन्हा वाकवल्यावर तुटते तशीच तार हबजवळच्या वाकणात तुटते. मागच्या चाकाचं दुखणं आणखी मोठं. कॅसेटला जागा देण्यासाठी उजव्या बाजूच्या तारा जास्त उभ्या आणि जास्त ताणलेल्या असतात, डावीकडच्या सैल. त्यात वजनाचा मोठा भाग मागेच.

तारा जास्त असल्या की प्रत्येकीच्या वाट्याला ओझं कमी येतं, हे तर सरळच आहे. पण माझ्यासाठी महत्त्वाचं ते पुढचं. बत्तीस तारांच्या चाकाची एक तुटली तर चाक थोडं आउट होतं, ब्रेक सैल करून माणूस बहुधा घरी पोचतो. वीस-चोवीस तारांच्या चाकाची एक तुटली की तो लगेजच्या डब्यात पोचतो. आम्ही ऑफिसात सर्व्हर लावताना एक मशीन पडलं तर बाकीच्यांनी भार उचलावा याची केवढी काळजी घेतो! आणि ज्यावर स्वतःचा जीव घेऊन उतार उतरायचा, तिथे मात्र फोटोत काय चांगलं दिसतं ते बघत होतो.

तुटलेलं चाक घेऊन मी स्टेशनजवळच्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. लहानपणापासून त्यांच्याकडेच पंक्चर काढलेली. त्यांनी चपटी, सरळ टोकाची तार हातात घेऊन बघितली. "ही आपल्याकडं नाय मिळायची. आणि बोईसरमधी कुनाकडंच नाय." ऑनलाइन मागवली. यायला बारा दिवस लागले. तोवर सायकल भिंतीला टेकून उभी, शेजारी बाबांची जुनी ॲटलास. बाबा तिच्यावरून एमआयडीसीत तिन्ही पाळ्यांना जायचे, कधी मागे गॅसचा सिलिंडर, कधी मी. (ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनी. सायकल मात्र अजून चालते.) एका संध्याकाळी सहज तिच्या तारा मोजल्या. पुढे ३२, मागे ४०. एकूण ७२. माझ्या ४४. बाबा चहा पीत बघत होते. म्हणाले, "मोजून झाल्या का? आता कर काहीतरी."

मग केलं. तयार सेट बघितले होते. शिमानोचं आरएस-१०० माझ्या बजेटमध्ये बसत होतं, नावाजलेलंही आहे, पण तिथेही पुढे २० आणि मागे २४. हलक्या माणसाला ठीक. मी ठरवलं, सुटे भाग आणून चाकं बांधून घ्यायची. निकष एकच : जे मोडेल ते बोईसरमध्ये दुरुस्त झालं पाहिजे.

हब शिमानोचे आरएस-४००, ३२ भोकांचे. आत साधे छर्रे आणि कोन, म्हणजे पावसाळा संपला की कोणीही उघडून ग्रीस भरू शकतो. रिम दुहेरी भिंतीच्या ॲल्युमिनियमच्या. तारा नेहमीच्या, वाकड्या टोकाच्या, स्टेनलेस स्टीलच्या. दोन्ही टोकांना २ मिलिमीटर आणि मध्ये १.८. मधला बारीक भाग किंचित ताणला जातो आणि वाकणावरचा झटका कमी करतो, म्हणून बारीक असूनही त्या जास्त टिकतात. निपल मात्र पितळेचे. ॲल्युमिनियमचे हलके आणि रंगीबेरंगी मिळतात, पण चिंचणी-केळव्याच्या खाऱ्या हवेत ते कुजतात आणि तारेला चिकटून बसतात. पुढे आउट काढायला गेलं की तुटतात. शिवाय टायर २५ ऐवजी २८ मिलिमीटरचे घेतले आणि हवा जरा कमी ठेवली. सगळ्यात स्वस्त सुधारणा तीच, हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

काकांनी एका रविवारी दोन्ही चाकं बांधली. मी ताण मोजायला फोनवर आवाजाची फ्रिक्वेन्सी दाखवणारं ॲप घेऊन गेलो होतो. काका प्रत्येक तार बोटानं छेडायचे, ऐकायचे आणि चावी पाव फेरा फिरवायचे. मी ॲप बघायचो. दोघांचं उत्तर एकच यायचं, फक्त काकांचं आधी. मग त्यांनी दोन-दोन तारा मुठीत धरून जोरात आवळल्या, चाकभर. कशासाठी? "तारा बसतात." जॉब्स्ट ब्रँट नावाच्या इंजिनिअरनं १९८१ मध्ये 'द बायसिकल व्हील' हे अख्खं पुस्तक चाकावर लिहिलं, त्यात हीच पायरी आहे. नव्या तारेत वाकणापाशी अडकून राहिलेला ताण त्यानं निघून जातो आणि आयुष्य वाढतं. काकांनी पुस्तक वाचलेलं नाही, हे वेगळं सांगायला नको. निघताना म्हणाले, "लय आवळून टिकत नाय रे. सारखी आवळली पायजे."

आता हिशोब. खर्च चौदा हजारांच्या आसपास. वजन जुन्या चाकांपेक्षा थोडं जास्तच. एक अख्खा पावसाळा आणि २८०० किलोमीटर झाले. पहिल्या महिन्यानंतर एकदा आउट काढला, तेवढाच. तार एकही तुटलेली नाही. गेल्या मोसमात तार तुटून अर्धवट सोडलेली २०० किलोमीटरची बीआरएम यंदा पूर्ण केली, साडेतेरा तासांच्या मुदतीत, वीस मिनिटं राखून. वाघोबाची चढण? आधी चौदा मिनिटं लागायची, आताही चौदाच लागतात. उतरताना मात्र आता कान मागच्या चाकाकडे नसतो. रस्त्याकडे लक्ष असतं, जिथे ते असायला हवं.

फ्रेमला तीन जादा तारा टेपनं चिकटवून ठेवल्यात. पुढची, मागची उजवी, मागची डावी. तिघींची लांबी वेगळी असते म्हणून तीन. अजून कामी आल्या नाहीत. पण लगेजच्या डब्यात त्या मावशी परत भेटल्या, तर दाखवायला ठेवल्यात.